व्हेनिसमधली घासाघीस

परदेशी गेलेल्या माणसाचे तिथे प्रेम जडते, ही गोष्ट संगीत रंगभूमीला फार पूर्वीपासून मानवत आली आहे. अनोळखी गाव म्हटले की नेपथ्यकाराला मोकळे रान मिळते, संगीतकाराला नेहमीच्या सुरावटी सोडायला निमित्त सापडते, आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले असल्यामुळे कथेला आयतीच घाई असते. पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा १९०४ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात आला. ब्रॉडवेवर ‘ब्रिगाडून’ १९४७ मध्ये, तर ‘साउथ पॅसिफिक’ १९४९ मध्ये आले. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मधला अर्जुनही प्रवासीच. तीर्थयात्रेला निघालेला हा गृहस्थ द्वारकेत यतीच्या वेषात राहतो आणि सुभद्रेला घेऊन जातो. या सगळ्या नाटकांमध्ये एक करार गृहीत धरलेला असतो. वेष फसवा असेल, संवाद फसवे असतील, पण पात्र गाऊ लागले की ते मनातलेच सांगणार. ‘सौभद्र’मध्ये कृष्ण सगळ्यांना बनवतो, तरी प्रेमिकांच्या पदांवर प्रेक्षकाला शंका येत नाही. ‘बटरफ्लाय’मधला पिंकरटन लग्नाआधीच भावी अमेरिकन बायकोच्या नावाने पेला उंचावतो, इतका तो निर्ढावलेला, पण पहिल्या अंकाच्या शेवटी तो गातो, ते त्या रात्रीपुरते तरी खरे असते. ‘डू आय हिअर अ वॉल्ट्झ?’ या १९६५ सालच्या अमेरिकन संगीतिकेत हा करार मोडला आहे. तिच्यातले गाणे भुलवते, कधी जाणूनबुजून आणि कधी नकळत. ज्या नाटकाला त्याच्या कर्त्यांनीच टाकून दिले, ते आज पुन्हा हाती घ्यावे याला माझ्या मते हेच कारण पुरेसे आहे.

आधी नाटकाची हकीकत. आर्थर लॉरेंट्स यांचे ‘द टाइम ऑफ द ककू’ हे गद्य नाटक १९५२ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्यातल्या नायिकेच्या भूमिकेसाठी शर्ली बूथला टोनी पुरस्कार मिळाला. त्याच नाटकावर लॉरेंट्सनी संगीतिकेची संहिता बेतली. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, गीते स्टीफन साँडहाइम यांची. रॉजर्सचे जुने जोडीदार ऑस्कर हॅमरस्टाइन १९६० मध्ये वारले होते. साँडहाइम हे हॅमरस्टाइनच्या हाताखाली शिकलेले, आणि रॉजर्सबरोबर काम कर असे गुरूनेच त्यांना सांगून ठेवले होते. १८ मार्च १९६५ रोजी पहिला प्रयोग झाला आणि २२० प्रयोगांनंतर नाटक बंद पडले. ‘हॅलो, डॉली!’ आणि ‘फिडलर ऑन द रूफ’ वर्षानुवर्षे चालत होती, त्या हंगामात हा आकडा म्हणजे जवळजवळ नामुष्कीच. कथा व्हेनिसमधली आहे. लिओना सॅमिश ही अविवाहित, प्रौढ वयाची अमेरिकन सेक्रेटरी साठवलेल्या पैशांतून एकटीच युरोपात आली आहे. फिओरिया नावाच्या बाईच्या पेन्सिओनेत, म्हणजे घरगुती खानावळवजा लॉजमध्ये, ती उतरते. रेनातो दि रॉसी या दुकानदाराशी तिची ओळख होते, ओळखीचे प्रेम होते, प्रेमाचा विचका होतो, आणि ती परत जाते. कोणी मरत नाही, कोणाचे लग्न होत नाही.

या नाटकातले स्थानिक माणूस पहिल्यांदा गाते ते धंद्यासाठी. फिओरिया आल्या आल्या अमेरिकन पाहुण्यांची तोंड भरून स्तुती करते. या आठवड्यात अमेरिकन आहेत, म्हणून अमेरिकनांसारखे लोक नाहीत. मागच्या आठवड्यातल्या इंग्रजांविषयी नाक मुरडायलाही ती चुकत नाही. चाल गोड आहे, प्रेक्षक खूश होतो. नाटकाच्या शेवटाकडे तीच चाल परत येते, तेव्हा अमेरिकन मागच्या आठवड्यात जमा झालेले असतात आणि स्तुतीचा रोख इंग्रजांकडे वळलेला असतो. संगीतिकांमध्ये चालीची पुनरावृत्ती नवी नाही. पण ती सहसा भावना गडद करायला वापरतात. इथे ती पहिल्या खेपेचा खोटेपणा उघडा पाडते. व्हेनिसमध्ये गाणे हा गिऱ्हाइकाच्या सरबराईचा भाग आहे, हे नाटकाने सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. आपण ते करमणूक म्हणून ऐकले आणि सोडून दिले. दि रॉसीचे एक महत्त्वाचे गाणेही दुकानातच येते, आणि त्याचा विषय घासाघीस हाच आहे. भाव कसा करायचा, विकणाऱ्याने काय म्हणायचे, घेणाऱ्याने पाठ कधी फिरवायची, हे तो लिओनाला शिकवतो. प्रेमाची पहिली शिकवणी गल्ल्यापाशी होते, आणि ही बाई घासाघीस न करता छापील किमतीला वस्तू घेणाऱ्या देशातून आलेली आहे.

दुकानात तिला एक लाल काचेचा पेला आवडतो. अठराव्या शतकातला आहे, असे दि रॉसी सांगतो. ती तो घेते. मग त्याच पेन्सिओनेत उतरलेले मॅकिल्हेनी नावाचे उतारवयाचे अमेरिकन जोडपे मुरानोहून हुबेहूब तसल्याच पेल्यांचा संच आणून दाखवते, आणि लिओनाच्या पोटात धस्स होते. दि रॉसीचे म्हणणे असे की तिचा पेला अस्सलच आहे. मुरानोच्या भट्ट्यांमधून जुन्या घाटाच्या वस्तू पिढ्यानपिढ्या निघत आल्या आहेत, तेव्हा सारखेपणा हा काही खोटेपणाचा पुरावा नाही. आता हा खुलासा खरा की सराईत दुकानदाराचा? वाचक कितीही वेळा संहिता चाळो, त्याला लिओनापेक्षा जास्त काही कळत नाही. सगळे नाटक या पेल्यात मावलेले आहे असे म्हटले तरी चालेल. जी गोष्ट अपूर्व म्हणून हातात घेतली, तिच्यासारख्या सहा शेजारच्या टेबलावर मांडलेल्या दिसल्या, तर हातातली खोटी ठरते का? लिओनाला पेल्याविषयी पडलेला हा प्रश्न पुढे माणसाविषयीही पडणार आहे.

मग हार येतो. लिओनाने स्वतःपुरती एक खूण ठरवून ठेवलेली आहे: खरे प्रेम समोर आले की आपल्याला वॉल्ट्झ ऐकू येईल. इतक्या वर्षांत तो कधी वाजलेला नाही. दि रॉसी तिला गार्नेटच्या तांबड्या खड्यांचा हार देतो आणि त्याच सुमारास तो एकदाचा वाजतो. रॉजर्सनी इथे आपल्या ठेवणीतली चीज काढली आहे. तीन मात्रांची गिरकी हा त्यांचा हातखंडा, आणि ‘कॅरोसेल’च्या आरंभीची वॉल्ट्झमाला ज्यांनी ऐकली आहे त्यांना या माणसाचे त्या तालावरचे प्रभुत्व सांगायला नको. प्रेक्षकाला शंका घ्यायला जागाच उरत नाही. पुढे बागेतली मेजवानी सुरू असते. दि रॉसीचा मुलगा निरोप आणतो की सराफ हाराचे पैसे मागतो आहे. लिओना हसत पैसे काढून देते. प्रेमात इतके चालायचेच. पण त्या विक्रीवर दि रॉसीला दलाली मिळाली आहे हे तिला कळते, आणि मग तिचा तोल जातो. दारूच्या भरात ती दि रॉसीला पैशाचा लोभी ठरवतेच, वर तरुण चित्रकार एडी आणि फिओरिया यांचे रात्रीचे गुपित एडीच्या बायकोसमोर फोडून बसते. हार उधारीचा होता, त्यात दलाली होती, आणि वॉल्ट्झ वाजला तो त्याच हाराच्या पायी. म्हणजे आयुष्यभर जपलेली खूण चुकीच्या ठिकाणी वाजली, किंवा बरोबर ठिकाणी वाजली आणि ते ओळखण्याची ताकद लिओनात उरली नव्हती. संगीत यातले काय ते सांगत नाही. जिथे संगीतानेच सांगावे अशी आपली अपेक्षा, तिथे ते गप्प बसते.

दि रॉसी हा ठरीव साच्याचा इटालियन रंगेल पुरुष आहे, असा आक्षेप या नाटकावर घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. लॉरेंट्सनी त्याच्या तोंडी क्षण उपभोगण्याचे तत्त्वज्ञान जरा जास्तच घातले आहे. पण त्याच्या भोवतीची परिस्थिती हवेतली नाही. तो विवाहित आहे, मुलांचा बाप आहे, आणि हे कळल्यावर लिओना हादरते. मराठी वाचकालाही पहिल्या झटक्याला तो लबाडच वाटेल. मात्र इटलीत घटस्फोटाचा कायदा झाला तोच मुळी १९७० च्या डिसेंबरात, आणि १९७४ च्या सार्वमतात लोकांनी तो राखला. नाटक लिहिले गेले तेव्हा, आणि त्याची संगीतिका झाली तेव्हाही, संपलेल्या लग्नातून बाहेर पडण्याची वाट दि रॉसीसारख्या माणसाला कायद्याने उपलब्ध नव्हती. लिओनाच्या देशात ती होती. ‘आधी मोकळा हो, मग ये’ हा तिच्या मनातला न्याय व्हेनिसमध्ये अंमलात आणताच येत नव्हता. पैशांचेही तसेच. त्या काळात एका डॉलरला सुमारे ६२५ लिरा मिळत. युद्धात पोळलेल्या देशात, अमेरिकी मदतीने सावरणाऱ्या बाजारात, डॉलर घेऊन आलेली बाई कितीही साधी असली तरी बाजाराच्या नजरेत श्रीमंतच ठरणार. ओळखीच्या सराफाकडून हार घेतला आणि त्याने रिवाजाप्रमाणे दलाली दिली, तर दि रॉसीच्या लेखी त्यात प्रेमाला बट्टा लागण्यासारखे काही नाही. व्यवहार आणि माया एकाच माणसाच्या दोन खिशांत सुखाने नांदतात, हे ज्या समाजांना ठाऊक आहे त्यांत आपलाही समाज येतो. लिओनाला मात्र एका खिशात पैसा दिसला की दुसरा रिकामाच असणार अशी खात्री वाटते.

याहून वजनदार आक्षेप घरातूनच आलेला आहे. साँडहाइमनी पुढे वारंवार सांगितले की या कथेला गाण्यांची गरजच नव्हती. ज्या बाईचे दुखणे हेच की तिला मनमोकळे गाता येत नाही, तिला दोन अंक गायला लावण्यात काय हशील, असा त्यांचा सवाल होता. हॅमरस्टाइनना दिलेल्या शब्दाखातर आपण हे काम पत्करले, हेही त्यांनी लपवले नाही. कामाच्या काळात रॉजर्सशी त्यांचे बिनसले होते. एका असमाधानी जोडप्यासाठी लिहिलेले तिखट गाणे रॉजर्सना आधी पसंत पडले आणि लगेच नापसंत झाले. रंगमंचावर त्याची सौम्य आवृत्ती गेली, मूळ शब्द नंतरच्या काळात लोकांसमोर आले. या भांडणाच्या कथा इतक्या रंगवून सांगितल्या गेल्या आहेत की नाटकाचे अपयश म्हणजे दोन स्वभावांचे वैर, एवढाच निष्कर्ष उरला आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. तालमीतली भांडणे यशस्वी नाटकांच्या इतिहासातही सापडतात, तिथे त्यांचे गमतीदार किस्से होतात. साँडहाइमचा मूळ मुद्दा मात्र टाळता येणार नाही, कारण तो तर्काने पक्का आहे. त्यात ते एक गोष्ट धरून चालले आहेत: गाणे म्हणजे पात्राच्या आतले बाहेर येणे. ही हॅमरस्टाइनच्या शाळेतली शिकवण, ‘ओक्लाहोमा!’पासून म्हणजे १९४३ पासून ब्रॉडवेने शिरोधार्य मानलेली. त्या व्याख्येने लिओनाने गाऊ नये हे बरोबरच. पण गाणे हे पात्राला बाहेरून ऐकू येणारे, भुरळ घालणारे, विकले जाणारेही असू शकते असे मानले, तर जिला स्वतःचे गाणे नाही अशी बाई दुसऱ्याच्या सुरावर विश्वास टाकते आणि फसते, ही कथा गद्यात सांगताच येणार नाही. प्रेक्षकाचा कान फसला पाहिजे; त्याशिवाय लिओनाची फसगत त्याला परकी राहते.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे मी नाटकावर लादतो आहे. रॉजर्सनी काही उपरोधाने वॉल्ट्झ लिहिला नव्हता. बासष्टीच्या घरातल्या त्या संगीतकाराला सुंदर चाल द्यायची होती आणि त्याने ती दिली. हे कबूल. किंबहुना माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. संगीतकाराने कुठेतरी डोळा मिचकावला असता, एखादा स्वर मुद्दाम वाकडा लावला असता, तर प्रेक्षक सावध झाला असता आणि लिओनाकडे वरून पाहू लागला असता. रॉजर्स मनापासून लिहितात, साँडहाइम शब्दांत शंका पेरतात, लॉरेंट्सचे कथानक त्या चालीखालून जमीन काढून घेते. तिघांचे पटत नव्हते हे संहितेत दिसते आणि ते नाटकाच्या पथ्यावर पडले आहे. पथ्यावर पडले, म्हणजे नाटक निर्दोष झाले असे नव्हे. उपकथानकातली जोडपी ठोकळेबाज आहेत, विमानप्रवासाच्या कटकटींवरचे समूहगीत मजेशीर असले तरी कथेला जागचे हलवत नाही, आणि दुसरा अंक मेजवानीपर्यंत रेंगाळतो. साँडहाइमनी आठ वर्षांनी ‘अ लिटल नाइट म्युझिक’मध्ये जवळजवळ सगळी गाणीच तीन मात्रांच्या नाना रूपांत बांधली. तिथे वॉल्ट्झ एकाच वेळी मोहक आणि खट्याळ आहे, आणि तोल एकाच माणसाच्या हातात आहे. ती कृती जास्त सफाईदार. तिच्यात धोका कमी आहे.

याच गोष्टीचा चित्रपट पाहिला की धोका म्हणजे काय ते उमगते. डेव्हिड लीनचा ‘समरटाइम’ १९५५ मध्ये, म्हणजे संगीतिकेच्या दहा वर्षे आधी, आला. कॅथरिन हेपबर्न नायिका, रोसानो ब्रात्झी दुकानदार, आणि खरेखुरे व्हेनिस. चित्रपट देखणा आहे यात वाद नाही. पण त्याने शेवट बदलला. तिथे नायिका प्रेम उतू जात असतानाच शहाणपणाने निघते, आणि गाडी सुटताना तो गार्डेनियाचे फूल घेऊन फलाटावर धावत येतो. मूळ नाटकात आणि संगीतिकेत मेजवानीनंतर ती समेट करायला जाते तेव्हा दि रॉसीच नकार देतो. तुझ्याबरोबर सगळेच अवघड होऊन बसते, एवढेच काय ते त्याचे कारण. प्रवासी बाईला तिथला माणूस नको म्हणतो, आणि तेही शिव्याशाप न देता, थकून. मग दोघे जे अखेरचे गातात ते आभाराचे, पाहुणा आणि यजमान निरोपाला बोलतात तितके सभ्य. ब्रात्झीला मात्र चित्रपटसृष्टीने ही भूमिका जन्मभर पुरवली. ‘थ्री कॉइन्स इन द फाउंटन’, ‘समरटाइम’, ‘साउथ पॅसिफिक’, आणि १९६२ चा ‘लाइट इन द पियाझा’: बाहेरून आलेल्या अमेरिकन बाईच्या वाट्याला दरवेळी तोच सुरेख चेहरा. एका पेल्याचे सहा पेले कसे होतात, याचे इतके चोख उदाहरण लॉरेंट्सनाही सुचले नसते.

‘लाइट इन द पियाझा’चे नाव आले ते बरे झाले, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे आहे. मिसिसिपीच्या लेखिका एलिझाबेथ स्पेन्सर यांच्या १९६० मधल्या लघुकादंबरीवर अ‍ॅडम गेटेल यांनी संगीतिका रचली, संहिता क्रेग लुकस यांची. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये ती २००५ साली आली, ५०४ प्रयोग झाले, सहा टोनी मिळाले. गेटेल हे रॉजर्सच्या मुलीचे, मेरी रॉजर्सचे चिरंजीव. जन्म १९६४ चा. आजोबांच्या इटलीत नातू चाळीस वर्षांनी परतला आणि त्याने जुना करार पुन्हा लागू केला. फ्लोरेन्समध्ये वाऱ्याने उडालेली टोपी फाब्रित्सिओ पकडतो आणि क्लॅराच्या प्रेमात पडतो. त्याचे मोठे प्रेमगीत अख्खे इटालियनमध्ये आहे, भाषांतराची सोय नाही. पुढच्या युगुलगीतात तर शब्दच गळून पडतात आणि नुसते स्वर उरतात. इथे गाणे खोटे बोलत नाही. खोटेपणा आहे तो मौनात. लहानपणी डोक्याला झालेल्या इजेमुळे क्लॅराची मानसिक वाढ खुंटलेली आहे, हे तिची आई मार्गारेट मुलाच्या घरच्यांना सांगत नाही, आणि लग्न लागते. नातवाची कृती अधिक लोकप्रिय ठरली याचे मला नवल नाही. तिचे संगीत आधुनिक असून दाट आणि आर्त आहे. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की चमत्कारिक हिशेब दिसतो. जिथे एक बाई भर मेजवानीत सत्य ओकून टाकते तिथे प्रेम मोडते, आणि जिथे दुसरी ते गिळून टाकते तिथे वरात निघते. गाण्यावर पूर्ण विश्वास ठेवणाऱ्या नाटकाला आपला सुखान्त लपवाछपवीवर उभारावा लागला आहे.

एका बाबतीत मात्र नातवाने आजोबांवर मात केली आहे. ‘पियाझा’त फाब्रित्सिओचे घरचे आपापसात इटालियनच बोलतात. दुसऱ्या अंकात त्याची आई मध्येच प्रेक्षकांकडे वळते, आपल्याला इंग्रजी येत नाही असे इंग्रजीत बजावते आणि घरात काय गोंधळ चालला आहे ते सांगून पुन्हा आपल्या भाषेत शिरते. तिची सून आपल्या बाहेरख्याली नवऱ्याविषयीचा कडवटपणा गाऊन दाखवते. ‘वॉल्ट्झ’मध्ये दि रॉसीच्या घरातून बाहेर येतो तो फक्त मुलगा, आणि तोही पैशांचा निरोप घेऊन. बायको रंगमंचावर येतच नाही. लॉरेंट्सनी पुढे १९९९ मध्ये न्यूजर्सीच्या जॉर्ज स्ट्रीट प्लेहाउससाठी नाटकावर पुन्हा हात फिरवला, २०१६ मध्ये न्यूयॉर्क सिटी सेंटरच्या एन्कोर्स मालिकेत त्याचे प्रयोग झाले, पण ही जागा रिकामीच राहिली. लिओनाला वॉल्ट्झ ऐकू येतो त्या संध्याकाळी कालव्यापलीकडच्या त्या घरात कोणता आवाज असेल, हा प्रश्न ध्वनिमुद्रिका ऐकताना मनात येतोच. फिओरियाच्या स्तुतिगीताची दुसरी खेप मात्र कान देऊन ऐकावी. चाल तीच असते, आणि नवी गिऱ्हाइके बॅगा घेऊन दारात उभी असतात.